पहिला संवाद : ‘आऽऽ!’

प्रत्येक सोसायटीत एक तरी माणूस असा असतो, ज्याच्या हातात गणपतीत माइक दिला जातो आणि विसर्जनापर्यंत तो काढून घेता येत नाही. ‘पांढरी स्विफ्ट ज्यांची असेल त्यांनी ती कृपया गेटसमोरून हलवावी’ हे वाक्य तो अशा काही गांभीर्याने उच्चारतो की गाडीचा मालक धावत येतोच, शिवाय ज्यांच्याकडे सायकलही नाही असे दोन-तीन ज्येष्ठ नागरिक दचकून उभे राहतात. मग कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, ‘‘तुझ्या आवाजाचं काहीतरी कर रे.’’

हे ‘काहीतरी’ करायला तो अंधेरीला येतो आणि काचेच्या पलीकडे उभा राहतो. काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिस्टच्या शेजारी, गार पडलेला चहा घेऊन मी बसलेली असते.

मी डबिंगच्या मराठी संहिता लिहिते. म्हणजे तेलुगू नायक ज्या क्षणी ओठ मिटेल, त्या क्षणी मराठीत प, फ, ब, भ, म यांपैकी काहीतरी येईल याची तजवीज करते. अर्थ नंतर. दक्षिणेतले सिनेमे मराठीत बघताना, चांगला सहा फुटी गुंडसुद्धा दर दोन वाक्यांनंतर ‘बरं’, ‘पण’, ‘मग’, ‘बाबा’ असं का म्हणतो हा प्रश्न तुम्हाला कधी पडला असेल, तर त्याचं उत्तर मी आहे.

या खुर्चीवरून मी आवाजाच्या धंद्यात शिरणारे पुष्कळ लोक पाहिले आहेत. त्या सगळ्यांचा एक समज समान असतो : इथे आवाज लागतो. वास्तविक चांगला आवाज ही इथे नुसती हजेरी असते. तो आहे म्हणून कुणी टाळ्या वाजवत नाही. माणूस कागदावरचं वाक्य वाचतोय की बोलतोय, हे पहिल्या दहा सेकंदांत कळतं आणि रेकॉर्डिस्टला तर त्याने श्वास घेतला तेव्हाच कळलेलं असतं.

नवा पुरुष कलाकार बहुधा खर्ज घेऊन येतो. स्वतःचा नसला तरी आणतो. त्याच्या नमुन्याच्या ध्वनिफितीत आधी अमिताभ असतो, मग १९८८ च्या ‘महाभारत’मधला हरीश भिमानींचा ‘समय’ असतो, आणि शेवटी छत्रपती शिवाजी महाराज असतात. महाराज नेहमी गडाच्या बुरुजावरून बोलतात. महाराज कधी कुणाला जवळ बसवून हळू आवाजात काही विचारत असतील, ही शक्यता अजून एकाही नमुन्यात आलेली नाही. आम्हाला त्या दिवशी हवा असतो बँकेत केवायसीसाठी खेटे घालणारा, किंचित सर्दी झालेला माणूस. तो या तिघांपैकी कुणालाच जमत नाही.

नकार मिळालेल्याला अमिताभचीच गोष्ट सांगून धीर दिला जातो. आकाशवाणीने त्यांनाही नाकारलं होतं, हे या धंद्यातलं गीतेतलं वचन आहे. गोष्टीचा पुढचा भाग, म्हणजे १९६९ साली मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’साठी त्यांनी निवेदन केलं, हा फारसा कुणी सांगत नाही, कारण त्यात काम करावं लागतं. आकाशवाणीने नाकारलेल्यांची यादी खूप मोठी असावी. तिच्यातला एक अमिताभ बच्चन झाला. उरलेल्यांपैकी बरेच जण माझ्या माहितीत आहेत आणि त्यांतले दोन माझ्या सासरचे आहेत.

पहिला खरा धक्का बसतो तो स्वतःचा आवाज हेडफोनमधून ऐकताना. ‘‘हा मी नाही,’’ असं म्हणणारे निम्मे तरी असतात. उरलेले ‘‘माइकमध्ये काही प्रॉब्लेम आहे का?’’ असं विचारतात. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्या कानांत हवेतून तर जातोच, पण कवटीच्या हाडांतूनही जातो, आणि हाडं खालच्या पट्टीतले स्वर चांगले वाहून नेतात. त्यामुळे प्रत्येक जण स्वतःच्या डोक्यात थोडा थोडा अमिताभ असतो. बाहेरच्या जगाला मात्र हाडांविना जे उरतं ते ऐकावं लागतं. आयुष्यभर आपल्या बायकोने हा आवाज ऐकलाय हे लक्षात येऊन एक निवृत्त बँक मॅनेजर काका बूथमध्येच खाली बसले होते.

यानंतरचा टप्पा घरच्या स्टुडिओचा. हल्ली ऑडिशन फोनवर मागवतात, ‘नॉइज नको’ अशी तळटीप घालून. महाराष्ट्रात नॉइज नसलेली जागा कुठे आहे, हे त्या तळटिपेत नसतं. दारं-खिडक्या लावून, पंखा बंद करून, फ्रिजचा प्लग काढून माणूस सुरुवात करतो, तोच शेजारच्या कुकरची शिट्टी होते. ती संपली की भंगारवाला. तो गेला की वरच्या मजल्यावर टाइल कापायचं यंत्र, जे आपल्या इमारतीत गेली कित्येक वर्षं सतत कुठल्या ना कुठल्या मजल्यावर चालू आहे. हे सगळं थांबलं की कोकीळ. कोकिळेवर कविता करणाऱ्यांनी कधी ऑडिशन पाठवलेली नसावी.

अखेर कपाटाचा शोध लागतो. आईच्या साड्या हा आवाज शोषून घेण्याचा खरोखरच उत्तम उपाय आहे, आणि जाड पैठण्या व शालू यांचा गुण याबाबतीत शिफॉनहून जास्त लागतो. तेव्हा कपाटात डोकं घालून, पाठीवर गोधडी घेऊन, मोबाइलच्या उजेडात मुलं रात्री दोन वाजता ‘तुमच्या त्वचेला हवा नैसर्गिक तजेला’ म्हणत असतात. घामाने निथळत. एका मुलीच्या आजीने हे पाहून दुसऱ्या दिवशी दृष्ट काढली होती. पुढे मुलीला त्या साबणाचं काम मिळालं. श्रेय कुणाला द्यायचं यावर घरात अजून एकमत नाही.

आणि मग एक दिवस खरंच बोलावणं येतं. क्राउडसाठी.

सिनेमात बाजार असतो, लग्न असतं, मोर्चा असतो, मारामारी असते. त्यातली जी माणसं नायकाच्या मागे धूसर दिसतात, त्यांनाही आवाज लागतो. तो देणाऱ्यांना आम्ही क्राउड म्हणतो, आणि नव्या माणसाचा या धंद्यातला गृहप्रवेश जवळपास नेहमी याच दारातून होतो. ओरडणं, धडपडणं, मार खाणं या सगळ्याला मिळून ‘एफर्ट्स’ म्हणतात. सकाळी भाजीवाला, मग हवालदार, मग वऱ्हाडी, जेवणानंतर पाच-सहा प्रेतं, असा साधारण दिवस जातो.

पुरुषोत्तम करंडक गाजवून आलेला, मूळचा सोलापूरचा एक मुलगा असाच पहिल्यांदा आला होता. आवाज असा की भरत नाट्य मंदिराच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाची झोप उडावी. दुर्दैवाने त्याच्यासमोरचा माइक एक वीत अंतरावर होता. पडद्यावर खलनायकाचा एक गुंड विहिरीत पडत होता.

‘‘पड,’’ रेकॉर्डिस्ट टॉकबॅकवर म्हणाला.

‘‘सर, हा कोण आहे?’’

‘‘गुंड.’’

‘‘नाही, म्हणजे त्याची पार्श्वभूमी काय?’’

रेकॉर्डिस्टने पडद्याकडे नीट पाहिलं. ‘‘विहीर.’’

मुलगा पडला. मीटरचा काटा लाल रेघेपलीकडे गेला आणि रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. कान चोळत तो शांतपणे म्हणाला, ‘‘गुंड तीन सेकंद पडतोय. तू सात सेकंद पडलास. विहिरीला तळ आहे, दादा.’’

दुसऱ्या वेळी वेळ जमली, पण मुलाने उत्स्फूर्तपणे ‘बाप रे’ म्हटलं. इथे मला मध्ये पडावं लागलं. ‘ब’लाही ओठ मिटावे लागतात आणि ‘प’लाही, आणि पडद्यावरचा गुंड तोंड सताड उघडं ठेवून मेला होता. त्याला ‘आई’ म्हणता आलं असतं, ‘अरे’ म्हणता आलं असतं, नुसतं ‘आऽऽ’ तर उत्तमच. ‘बाप रे’ म्हणत मरण्याची मुभा त्याला नव्हती. मुलाने ही सूचना वहीत लिहून घेतली. नाटकवाल्यांची ही सवय चांगली असते.

त्याच्या शेजारी एक ताई बसल्या होत्या, पन्नाशीच्या. मांडीवर डबा, डब्यावर रुमाल. तासाभरात त्या कोळीण झाल्या, कॉलेजकन्यका झाल्या, नातवाच्या प्रेताशेजारी टाहो फोडणारी आजी झाल्या, आणि टाहो संपल्याबरोबर रुमालाखालचं थालीपीठ त्यांनी मुलापुढे केलं. ‘‘खा. रिकाम्या पोटी उभा राहू नकोस, पोट गुरगुरतं आणि माइकला ते तुझ्याआधी ऐकू येतं. आणि हा खादीचा कुर्ता उद्या नको. स्टार्च केलाय ना? तू हललास की पापड मोडल्यासारखं वाजतंय.’’ तोंडात चिकट चटचट होत असेल तर हिरवं सफरचंद खावं, बांगड्या-घड्याळं पर्समध्ये टाकावीत, रडायचं असेल तर आधी पाणी पिऊन घ्यावं, हे सगळं त्यांनी त्याला थालीपिठाबरोबर दिलं. दोन दिवसांत व्हॉइस आर्टिस्ट करून, वर सर्टिफिकेट देणाऱ्या कार्यशाळा असतात. त्या सर्टिफिकेटची झेरॉक्स आजवर कुणी मागितल्याचं मी ऐकलेलं नाही. थालीपिठाच्या त्या पाच मिनिटांची फी मात्र कुणीही द्यायला हरकत नव्हती.

याच ताई लहान मुलगेही करतात. खर्जवाल्यांना हे पचत नाही. पण निंजा हातोरी हिंदीत बोलतो तो मेघना एरंडे यांच्या आवाजात, आणि डोरेमॉन बोलतो सोनल कौशल यांच्या. याला व्यावहारिक कारणही आहे : खऱ्या मुलाचा आवाज तेराव्या-चौदाव्या वर्षी फुटतो, आणि कार्टूनमधला मुलगा शतकभर चौथीतच असतो.

मराठी माणसाला हिंदीच्या दारात आणखी एक अडचण येते. ‘‘आवाज छान है, मगर मराठी अ‍ॅक्सेंट आ रहा है।’’ मग तो वर्षभर घासून घासून हिंदी साफ करतो, ‘मुझे’च्या जागी ‘मेरे को’ येऊ देत नाही, नुक्त्यांसाठी गझला ऐकतो. वर्षाने त्याला बोलावतात तेव्हा भूमिका असते इन्स्पेक्टर शिंदेंची, आणि सूचना येते, ‘‘थोडा मराठी अ‍ॅक्सेंट डालो ना!’’ गंमत अशी की, ज्या हिंदी पट्ट्याला आपल्या अ‍ॅक्सेंटची काळजी वाटते, त्याने डोक्यावर घेतलेला बाहुबली बोलला तो शरद केळकरांच्या आवाजात, आणि ‘पुष्पा’ बोलला श्रेयस तळपदेच्या. केळकर लहानपणापासून बोलताना अडखळत असत, हे त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितलेलं आहे. ही गोष्ट अमिताभच्या गोष्टीपेक्षा जास्त सांगितली जायला हवी असं माझं मत आहे, कारण हिच्यात मधली मेहनत गाळता येत नाही.

जाहिरातीचं काम मिळालं म्हणजे पैसे बरे मिळतात, पण सूचना समजून घ्याव्या लागतात. क्लायंट गुडगावला, एजन्सी लोअर परळला, आणि मूळ हिंदी मजकुराचं मराठी अशा कुणीतरी केलेलं, ज्याने मराठी माणूस लांबून पाहिला असावा. ‘‘थोडं स्माइल टाका.’’ टाकलं. ‘‘स्माइल कमी करा, पण वॉर्म ठेवा.’’ ठेवलं. ‘‘अनाउन्सरसारखं नको, मित्र बोलतोय असं वाटू दे.’’ वस्तू सिमेंट. असा कुठला मित्र कट्ट्यावर बसून, आपण काही विचारलेलं नसताना, सिमेंटच्या मजबुतीबद्दल सांगतो? आणि सांगत असेल तर त्याच्याशी मैत्री किती दिवस टिकते? पण हे मनात ठेवायचं. ‘‘सेम, पण वेगळं द्या,’’ यावर ‘‘शुअर’’ म्हणायचं. दीड तासाने सगळे जण पहिला टेक पुन्हा ऐकतात आणि तोच पसंत करतात. यात कुणाचं चुकत नाही. दीड तासाचा स्टुडिओ बुक केलेला असतो.

माझं आवडतं काम मात्र फोनवरच्या आवाजाचं. ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणणारी जी बाई असते, ती कुणीतरी बूथमध्ये उभं राहून रेकॉर्ड केलेली असते. तिला शिल्लक रकमा, तारखा, मिनिटं सांगायची असल्याने आकडे सुटे सुटे बोलून घेतात आणि मग यंत्र ते जोडतं. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि पुढचे दहांचे बोलले की तीसच्या आत काम उरकतं. मराठीत शंभरपर्यंत प्रत्येक आकडा स्वतंत्र संस्थानिक आहे. शिवाय प्रत्येक आकडा दोनदा लागतो, एकदा वाक्याच्या मध्ये येणारा आणि एकदा वाक्य संपवणारा.

इथे भले भले गळतात. बुरुजावरून गर्जना करणारा जवान एकोणसत्तरपाशी थबकतो. ‘‘मॅम, सिक्स्टी-नाइन ना?’’ सत्तावन्न, सत्तेचाळीस आणि सत्याहत्तर यांची त्याच्या डोक्यात एकच खोली असते. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असंही छापलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. पाढे बुडाले, भाषा बुडाली. आमच्या स्टुडिओत मात्र त्या दिवशी रेकॉर्डिस्टने सगळ्यांना वडापाव खिलवला होता. त्या आनंदाचं पुढे काही झालं नाही, आकडे होते तसेच बोलले जातात.

या कामात वर उल्लेख केलेले बँक मॅनेजर काका अखेर चमकले, हे सांगायला हवं. आयुष्यभर काउंटरपलीकडे रकमा वाचलेला माणूस. शून्यापासून शंभरपर्यंत न थांबता, न अडखळता, दोन्ही सुरांत, आणि अशा कोरड्या प्रामाणिकपणे की ऐकणाऱ्याने लगेच थकीत हप्ता भरून टाकावा. ‘‘काका, नव्व्याण्णव परत घेऊ, मागे हॉर्न वाजला,’’ असं सांगितलं तर त्यांनी विचारलं, ‘‘आधीचं रद्द केल्याची नोंद कुठे होते?’’

ऑडिओबुकांनी आणखी एक दार उघडलं. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आलं ते मराठीलाही सोबत घेऊन, आणि कादंबऱ्या वाचणाऱ्यांची मागणी वाढली. पण दहा-बारा तासांचं पुस्तक हे दम काढणारं प्रकरण असतं. नवा माणूस पहिल्या प्रकरणात हौसेने प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देतो. मामा घोगरा, तलाठी नाकात. आठव्या प्रकरणात वाड्यावर सगळे एकत्र जमतात. तेव्हा घोगरा कोण होता हे आठवेना म्हणून आमच्याकडच्या एकाने तलाठ्याची सर्दी बरी झाल्याचं परस्पर दाखवलं होतं. लेखक सुदैवाने हयात नव्हते.

राहता राहिले पैसे. सुरुवातीला ‘स्क्रॅच’ नावाचा प्रकार भेटतो : क्लायंटला कल्पना यावी म्हणून कच्चा आवाज द्यायचा, अंतिम आवाज मोठ्या कलाकाराचा. पैसे नाहीत, ‘एक्स्पोजर’ आहे. ज्या ध्वनिफितीचं भविष्य पुसलं जाणं एवढंच आहे तिच्यातून एक्स्पोजर कसं मिळतं, हे विचारायचं नसतं. खऱ्या कामाचे पैसे मिळतात, पण नव्वद दिवसांनी. हे नव्वद दिवस मोजायला कुठून सुरुवात करायची याबद्दल अकाउंट्स विभागाची स्वतंत्र कालगणना असते.

त्याआधी करारावर सही. करार इंग्रजी, अक्षरं मुंगीच्या डोळ्याएवढी. सोलापूरच्या मुलाने तो नेटाने शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याकडे आला. ‘‘ताई, यात लिहिलंय की माझ्या आवाजावर त्यांचा हक्क संपूर्ण विश्वात राहील, आज अस्तित्वात असलेल्या आणि पुढे शोध लागेल अशा सर्व माध्यमांत. मी तर फक्त विहिरीत पडलोय.’’ मी म्हटलं, मंगळावर कुणाला विहिरीत पडायचं असेल तर त्यांना तुझी परवानगी मागावी लागू नये, म्हणून असतं ते. हसलो आम्ही, पण हे कलम आता पूर्वीइतकं विनोदी राहिलेलं नाही. यंत्रं आवाजाची नक्कल करतात. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाला अशा नकलांपासून संरक्षण दिलं. विहिरीत पडणाऱ्यांच्या वतीने कुणी कोर्टात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यामुळे ‘एआय’ हे दोन अक्षरी प्रकरण करारात कुठे येतं का, ते बघून मगच सही कर, असं मी हल्ली सगळ्यांना सांगते. त्या मुलाच्या करारात ते होतं; त्याने ती ओळ खोडायला लावली. ती खोडली गेली, याचं मला त्याच्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

सिनेमा काही महिन्यांनी टीव्हीवर लागला. सोलापुरात अख्खी गल्ली जमली होती म्हणे. तो त्या सिनेमात एकूण अकरा माणसं होता. चॅनेलने वेळेत बसवण्यासाठी मारामारी थोडी कापली आणि विहिरीसकट गुंड गेला. आईने मात्र पोस्टमन ‘‘पत्र आहे’’ म्हणताच लेकाचा आवाज ओळखला आणि शेजारणींना सांगितलं. पोस्टमन दुसऱ्याच कुणी केला होता.

‘‘सांगू का तिला खरं काय ते?’’ त्याने मला विचारलं.

‘‘कशाला? पोस्टमनचं काम चांगलं झालंय.’’

तेवढ्यात रेकॉर्डिस्टने काचेआडून हाक दिली, की गुरुवारी एक मल्याळम सिनेमा आहे, त्यात रेल्वेचा अपघात आहे, मोकळा आहेस का? यावेळी मुलाने कुणाचीही पार्श्वभूमी विचारली नाही.

‘‘किती माणसं मरतायत? आणि पैसे माणशी की शिफ्टचे?’’